सव्वातीनशे डॉलरचा ताळेबंद

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा आणि सौ. आई यांस,


परवा फोनवर बाबांनी जावयांना विचारलं, "नुसतं कार्ड जवळ बाळगायला वर्षाला सव्वातीनशे डॉलर? तुमची डोकी ठिकाणावर आहेत ना?" आणि उत्तर ऐकायच्या आत फोन आईकडे दिला. जावई उत्तर तयार ठेवून बसले होते, ते तसेच राहिले. त्यांच्याकडून ऐकाल तर प्रत्येक वाक्यात 'फुकट' येईल आणि बाबांचा रक्तदाब चढेल, म्हणून हे पत्र मी लिहितेय. सबंध नोकरी जिल्हा बँकेत लोकांची खाती तपासण्यात गेली, त्या माणसापुढे तोंडी हिशेब टिकत नाही. कागदावर मांडलेला बरा.

आधी मुद्द्याचं. हे हप्त्यांवर टीव्ही घ्यायचं कार्ड नव्हे. आपल्या गल्लीतल्या वाण्याकडची वही आठवा. महिनाभर मांडून ठेवायचं, एक तारखेला सगळं चुकतं करायचं. व्याज नाही, उधारीची मर्यादा कुठे लिहिलेली नाही, पण कुणाची ऐपत किती ते वाण्याला तोंडपाठ. मूळचं चार्ज कार्ड ते हेच. आमचं कार्ड ज्या कंपनीचं, ती अमेरिकन एक्स्प्रेस १८५० साली बफेलो गावात पार्सलं पोचवायला निघाली आणि १ ऑक्टोबर १९५८ ला तिने कार्ड काढलं. डायनर्स क्लबचं कार्ड तेव्हा आठ वर्षांचं झालेलं, वर्गणी वर्षाला पाच डॉलर. यांनी मुद्दाम सहा लावली. कार्ड साधं कागदी, जांभळ्या रंगाचं, पण एक डॉलरने महाग! 'जास्त पैसे घेतात म्हणजे माल चांगलाच असणार' ही माणसाची खोड त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखली. पुढे १९६६ ला सोनेरी कार्ड आलं, १९८४ ला प्लॅटिनम, आणि १९९१ ला खर्चावर मिळणारे पॉइंट.

आता या कार्डांना 'मोठी रक्कम सावकाश फेडा' अशीही सोय जोडलेली आहे. सावकाशीचं व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. त्या व्याजापुढे चार पॉइंटांची किंमत काय! म्हणून आमच्या खात्यातून दर महिन्याला पूर्ण बिल आपोआप वळतं होतं. ज्याला पूर्ण भरणं जमत नाही, त्याने पॉइंटांच्या नादी लागूच नये. बाबा, इथवर आपलं एकमत आहे.

"पण फुकट कोण देतं?" हा तुमचा पुढचा प्रश्न. कुणीच देत नाही. आपण कार्ड घासलं की दुकानदाराच्या शंभर डॉलरमधले साधारण दोन-तीन डॉलर कापले जातात, त्यातला तुकडा आपल्यापुढे पॉइंट म्हणून टाकतात. तुम्ही भाजीवाल्याला खात्यातून यूपीआयने पैसे देता, त्यावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, म्हणून तिथे पॉइंटांची खिरापतही नाही. इथे दुकानदार ती कापणी मालाच्या किमतीतच धरतो. ती किंमत आपण रोख दिले तरी मोजतोच, मग पॉइंट का सोडायचे?

इथल्या ओक ट्री रोडवरचे आपले देशी दुकानदार मात्र यावर पुरून उरतात. एका दुकानात गल्ल्यापाशी पाटी आहे, दहा डॉलरच्या आत कार्ड नाही. इथल्या २०१० च्या कायद्याने क्रेडिट कार्डासाठी दहा डॉलरपर्यंतची अट घालायला मुभाही आहे. त्यात दुकान नोंदणीत 'सुपरमार्केट' आहे की नाही, यावर आपल्याला चारपट पॉइंट मिळणार की एकच हे ठरतं, आणि ते पाटीवर लिहिलेलं नसतं. म्हणून जावयांचा नेम असा, की नव्या दुकानात आधी थोडकं घ्यायचं, खात्यावर किती पॉइंट चढले ते बघायचं, मग महिन्याचा किराणा. कोथिंबिरीची जुडी घ्यायला जातात आणि दहा डॉलर भरायला तूरडाळ घेऊन येतात. आमच्याकडे सध्या तूरडाळ भरपूर आहे.

कार्ड निवडताना घरात दोन पक्ष होते. जावयांना प्लॅटिनम हवं होतं, कारण विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसून खाता येतं. त्याची वर्गणी आता ८९५ डॉलर. मी विचारलं, आपण विमानात बसतो वर्षातून एकदा, एवढ्या पैशांत तुम्ही सँडविच किती खाणार? प्लॅटिनम पडलं. मग मी बाबांच्या शिस्तीने वर्षभराच्या खर्चाची वही काढली. आमचा पैसा जातो कुठे? किराण्यात आणि बाहेर खाण्यात. सोनेरी कार्ड नेमकं तिथेच डॉलरला चार पॉइंट देतं. किराण्यावर वर्षाला पंचवीस हजार डॉलरपर्यंत, हॉटेलांत पन्नास हजारांपर्यंत. विमान कंपनीकडून थेट काढलेल्या तिकिटावर तीन, बाकी बहुतेक ठिकाणी एक. वॉलमार्ट, टार्गेटसारखी सबगोलंकार दुकानं किराण्यात धरत नाहीत. कॉस्टकोत तर २०१६ पासून क्रेडिट कार्ड चालतं ते फक्त व्हिसाचं. जाहिरात वाचून कार्ड घेतलं असतं तर हे सगळं मागून कळलं असतं.

आता वर्गणी. ३२५ डॉलर. त्या बदल्यात कंपनी कुपनं देते. उबरचे महिन्याला दहा, ठराविक खाद्यगृहांत दहा, डंकिनच्या कॉफीला सात, आणि रेझी या आरक्षणाच्या ॲपवरच्या हॉटेलांत सहामाही पन्नास. बेरीज ४२४. जावई म्हणाले, "बघा, ९९ डॉलर नफा!" बाबा, तुम्ही एकदा कर्जदाराच्या तारण गाईची किंमत गोठ्यात जाऊन केली होतीत ना, तसं मी केलं. छापील किंमत बाजूला ठेवली आणि स्वतःला विचारलं, कुपन नसतं तर या गोष्टीला खिशातून किती दिले असते? घरात दोन गाड्या, उबरचे साठ धरले. खाद्यगृहांचे ऐंशी. कॉफीचे चाळीस, कारण जावई एरवी घरचा चहा थर्मासात नेतात. रेझीचं एकच कुपन धरलं, पन्नास. एकूण २३०. म्हणजे वर्गणी उरली ९५ डॉलर. सव्वातीनशेही नाही आणि फुकटही नाही.

या कुपनांची गंमत अशी, की महिना सरला की तीही सरतात. त्यामुळे तीस तारखेच्या रात्री आमच्या घरी शोधाशोध चालते. कडाक्याच्या थंडीत जावई मोबाइल धरून म्हणतात, "सात डॉलर वाया जातील गं!" आणि गाडी काढून डंकिनला जातात. पेट्रोल कुणी धरत नाही.

मुलांनी तर हे सगळं उचललंय. बारक्याला भांडी लावायला सांगितली तर "किती पॉइंट?" मोठीने तिच्या घरकामाच्या पॉइंटांचा दरच लावलाय, शंभर पॉइंटांना एक आईस्क्रीम. मी मुदत घातली, महिनाअखेर न वापरलेले बाद. तिने ताबडतोब सगळे आईस्क्रीममध्ये वळते केले. बापापेक्षा पोरगी व्यवहारी निघाली.

आणि ते बिल द्यायचं भांडण! आपल्याकडे हॉटेलात "मी देतो, मी देतो" म्हणून ताटावरच झोंबाझोंबी होते ना, ती इथल्या मराठी मंडळींतही होते. परवा दहाजण जेवायला गेलो. बिल टेबलावर यायच्या आत जावयांनी वेटरला दाराशीच गाठून कार्ड दिलं. बाकीचे चारजण आपापली कार्डं हातात धरून हळहळत बसले. एक वयस्कर काका नवीन आलेले, ते भारावून म्हणाले, "किती मोठं मन!" काकूंनी त्यांच्या कानात सांगितलं, घरी पोचायच्या आत प्रत्येकाचा वाटा फोनवर मागितला जाईल. तसा तो मागितला गेला. दहाजणांच्या जेवणावरचे चारपट पॉइंट आमच्या खात्यात, पैसे ज्याचे त्याने दिले.

आता खरी मेख. पॉइंट मिळवणं सोपं, मोडणं अवघड. किराणा महिन्याला हजार आणि हॉटेल तीनशे डॉलर धरा. वर्षाचे ६२,४०० पॉइंट होतात. ते बिलातून वळते करून घ्यायला गेलात तर पॉइंटामागे ०.६ सेंट, म्हणजे ३७४ डॉलर. वर्गणीचे ९५ वजा केले की २७९. वर्गणीच नसलेलं, दोन टक्के रोख परत देणारं साधं कार्ड याच खर्चावर ३१२ डॉलर देतं! म्हणजे सोनेरी कार्ड मिरवून आपण ३३ डॉलरने खाली. बहुतेक लोक इथेच फसतात. पॉइंट जमवतात आणि नाताळात बिलातून कापून घेतात. कंपनीच्याच प्रवास विभागातून विमानाचं तिकीट घेतलं तर पॉइंटाचा एक सेंट पडतो, म्हणजे ६२४, वर्गणी जाऊन ५२९. इथे कार्ड कसाला उतरलं.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवणं. एअर कॅनडाच्या एअरोप्लॅनमध्ये किंवा एअर फ्रान्सच्या फ्लाइंग ब्लूमध्ये एकास एक जातात. एअर इंडिया २०१४ पासून एअर कॅनडाच्याच गटात आहे, त्यामुळे एअरोप्लॅनचे पॉइंट देऊन एअर इंडियाची जागा घेता येते. हिशेब असा करायचा, की रोखीच्या तिकिटातून पॉइंटांवरच्या तिकिटाला भरावे लागणारे कर वजा करा, उरलेल्याला पॉइंटांनी भागा. समजा तिकीट १,३०० चं, कर १०० आणि पॉइंट ६०,०००, तर पॉइंटाचे दोन सेंट. बिलातून कापून घेण्याच्या तिपटीहून जास्त! फक्त एक पथ्य, आधी रिकामी जागा शोधायची, मग पॉइंट वळवायचे. एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत. आणि साठवून तर मुळीच ठेवायचे नाहीत. त्यांचा भाव ठरवणं कंपनीच्या हातात, व्याज शून्य. तुमच्या भाषेत सांगायचं तर ही मुदत ठेव नव्हे.

जागा शोधताना कळलं की डिसेंबरात आणि शाळांच्या सुट्टीत मोक्याच्या जागा पॉइंटांना सहसा हाती लागत नाहीत, लागल्या तर भाव भलताच. आम्ही नोकरी-शाळेत अडकलेले, आम्हाला नेमकी तेव्हाच सुट्टी. या बाजारात खरे श्रीमंत कोण, तर ज्यांना मंगळवारी निघा म्हटलं तर मंगळवारी निघता येतं आणि गुरुवार म्हटलं तर गुरुवारी. म्हणजे तुम्ही दोघं. आमच्याकडे पॉइंट आहेत, तुमच्याकडे तारखा आहेत.

तेव्हा बाबा, ताळेबंद असा. किराण्याचे, हॉटेलांचे पॉइंट आणि नव्या कार्डाचा एकदाच मिळणारा बोनस. बोनसला ठराविक मुदतीत काही हजार डॉलर खर्च करावे लागतात. जावई त्यासाठी नवा फ्रिज घेणार होते, मी त्यांना थोपवलं आणि मोठीच्या दातांच्या तारा व गाडीचा विमा येईपर्यंत अर्जच करू दिला नाही. मिळून तुम्हा दोघांच्या मुंबई ते न्यूअर्क येण्याला पुरतात. यातला बराचसा भाग मोठीच्या दातांचा आहे, आल्यावर तिचं कौतुक करा.

गणपती आटोपल्याशिवाय आई निघणार नाही हे मला माहीत आहे. दसरा झाला की निघा. इथे तेव्हा झाडांना रंग चढलेले असतात आणि दिवाळी आमच्याकडे होईल. पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो आणि तुम्हाला चालतील अशा आठ-दहा तारखा पाठवा. एकच तारीख पाठवू नका, जावयांच्या तोंडचं पाणी पळेल. परतीची तिकिटं पैसे मोजून, कार्डावर, विमान कंपनीकडून थेट काढू. त्यावर डॉलरला तीन पॉइंट मिळतात. म्हणजे तुम्ही साताऱ्याला पोचायच्या आत पुढच्या खेपेची जमा सुरू झालेली असेल.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, पॉइंटांवरच्या तिकिटालाही सामान नेता येतं, ती काळजी करू नकोस. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला नीट बंद पाकिटांत आण आणि उतरल्यावर कस्टमवाल्यांना सरळ सांग. कढीपत्ता आणि ताजी फळं मात्र आणू नकोस, इथले कस्टमवाले काढून घेतात. तूरडाळही आणू नकोस.