टचअपवाले काका

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी उकिडवं बसून, एक डोळा मिटून गाडीच्या दाराकडे टक लावून बघत असेल, तर ‘काय हो, काही हरवलं का?’ असं चुकूनही विचारू नये. काकांचं काही हरवलेलं नसतं. सापडलेलं असतं.

चरा! मागच्या डाव्या दारावर, चांगला वीतभर. त्यात गाडी मेटॅलिक सिल्व्हर, म्हणजे शेड जुळवायला महाकठीण. काका तुमचाच हात धरून तुमचं नख त्यावरून फिरवतात. ‘अडकलं ना?’ अडकलं म्हणावंच लागतं. ‘मग पॉलिशनं जायचं नाव नको. क्लिअर कोट फाटलाय!’ इथून पुढे तुम्ही लिफ्ट विसरायची. पत्रा, त्यावर प्रायमर, त्यावर अॅल्युमिनियमची बारीक चमकी घातलेला रंग, त्यावर क्लिअर कोट, आणि सगळं मिळून जाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉन. ‘म्हणजे जेमतेम दीड-दोन केस,’ असं म्हणून काका डोक्यावरच्या शिल्लक मालातला एक केस चिमटीत धरून दाखवतात.

मग तपास. दूधवाल्याची किटली, पोरांच्या सायकली, वरच्या मजल्यावर चाललेलं सुतारकाम, सगळ्यांवर संशय घेऊन होतो. सीसीटीव्हीत एक मांजर तेवढं दिसतं.

‘इन्शुरन्स आहे ना?’ हा प्रश्न त्यांना शिवीसारखा लागतो. पाच वर्षं एकही क्लेम न करता नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर नेलेला माणूस आहे हा! गॅरेजवाला म्हणाला, अख्खं दार मारावं लागेल, शिवाय शेड मिळावी म्हणून शेजारच्या पॅनेलवरही थोडा हात फिरवावा लागेल. ‘म्हणजे दुखणं डाव्या दाराचं आणि ऑपरेशन क्वार्टर पॅनेलचं?’ काका तिथून उठूनच आले.

आता घरचाच कार्यक्रम. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून रंगाचा कोड केव्हाच उतरवून घेतलाय. काकूंचा रक्तगट त्यांना काकूंनाच विचारावा लागतो. रंगाचा कोड तोंडपाठ. पत्रा जिथे उघडा पडलाय तिथे आधी प्रायमर. मग टचअपची इवलीशी बाटली खळाखळा हलवायची, कारण चमकी तळाला बसते. झाकणातला ब्रश बाद (‘हा काय कुंपण रंगवायचाय?’), काम टूथपिकच्या टोकानं. एक पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा एक. या वेळात पार्किंगमध्ये झाडू मारायला बंदी आणि पोरांना पळायला मनाई, धूळ बसते. वरून काकू ओरडतात, ‘अहो, पोहे गार झाले!’ खालून उत्तर जातं, ‘क्लिअर ओला आहे!’ तो कडक व्हायला चांगले काही दिवस जातात. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला 2000 नंबरचा वॉटर पेपर, अगदी हलक्या हातानं, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. या सगळ्यात मदतीला एक माणूस लागतो. तो मी.

काम खरोखर सुरेख होतं, हे कबूल करायलाच हवं. पण स्प्रेनं मारलेल्या रंगात चमकी आडवी, एका पातळीत बसते. टूथपिकनं सोडलेली मन मानेल तशी. त्यामुळे समोरून पाहिलं तर रेघ काळपट, अगदी तिरकं पाहिलं तर उजळ. मधे एकच जागा अशी आहे, जिथून ती मुळीच दिसत नाही. काकांनी ती हुडकून काढलीय आणि फरशीवर खडूनं खूण केलीय. पाहुण्यांना आधी तिथे उभं करतात. ‘दिसतंय?’ नाही. ‘आता दोन पावलं डावीकडे. आता?’

इथे चतुर माणसानं ‘किंचित जाणवतंय’ म्हणावं. त्यावर काका खुलतात, चमकी समजावून सांगतात, चहासुद्धा मिळतो. ‘छे हो, काहीच दिसत नाही’ असं भाबडेपणानं म्हणणाऱ्याचा मात्र त्यांना राग येतो. इतक्या दिवसांची मेहनत, आणि याला कुठे केली तेही कळू नये!

परवा तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. गाडी मेटॅलिक, बंपरवर ओरखडा. सामान अजून टेम्पोतच होतं. काका नख परजत निघाले.