त्या पाचांतला फुटला कोण?

पुण्यात कंपनी काढायची म्हणजे हल्ली आधी अँग्विलाला पैसे भरावे लागतात. भाडेकरार नंतर, जीएसटी नंतर, चहावाल्याचं खातं त्याच्याही नंतर. कंपनीच्या नावापुढे ठिपका देऊन 'एआय' लावल्याशिवाय गुंतवणूकदार खुर्चीत सावरून बसत नाही, आणि ती दोन अक्षरं कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाच्या मालकीची आहेत. किमान दोन वर्षांचे पैसे एकदम मोजायचे. २०२३ साली यातून बेटाच्या तिजोरीत सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर पडले. सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा त्यातच भरून वर काही उरलं.

तरीही अशा एखाद्या बेटाचं नाव निघालं की एक गृहस्थ हटकून पुढे होतात. ते चर्चासत्रात असतात, टीव्हीवर असतात, लग्नाच्या पंगतीतही असतात. प्रश्न ठरलेला. "एवढंसं ते बेट, स्वतंत्र होऊन चालवणार कसं?" अँग्विला ९१ चौरस किलोमीटर, वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. गृहस्थांनी मनातल्या मनात त्याला वॉर्ड क्रमांकही देऊन टाकलेला असतो.

अँग्विलाचा इतिहास मात्र त्यांच्या पचनी पडणारा नाही. फेब्रुवारी १९६७ मध्ये ब्रिटनने हे बेट सेंट किट्स आणि नेव्हिससोबत एका गाठोड्यात बांधलं आणि गाठोड्याला अंतर्गत स्वराज्य देऊन टाकलं. तीन लहान एकत्र केली की कागदावर एक बरं दिसतं. सेंट किट्स शंभरेक किलोमीटर लांब, मध्ये दुसऱ्यांची बेटं. अँग्विलात तेव्हा वीज नव्हती, धड रस्ते नव्हते, आणि आपल्या वाटचं सगळं सेंट किट्समध्येच जिरतं याबद्दल दुमतही नव्हतं. ३० मे रोजी लोकांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून परत धाडलं. ११ जुलैला मतदान घेतलं. वेगळं व्हायचं म्हणणारे १,८१३. नको म्हणणारे ५.

म्हणजे दुमत होतं. पाच जणांचं.

हे पाच कोण, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा होता. सहा हजार वस्तीच्या बेटावर मतदान गुप्त असेल, पण गाव गुप्त नसतं. एकाने मुलगी सेंट किट्सला दिलेली असणार. दुसऱ्याने फुली भलत्याच चौकोनात मारली आणि घरी सांगितलं नाही. तिसऱ्याचा मेव्हणा 'वेगळे व्हा' म्हणत दारोदार फिरत होता, त्यामुळे तिसऱ्यापुढे पर्यायच नव्हता. चौथा हाकललेल्या पोलिसांना मासळी घालायचा, त्याची उधारी बुडाली. आणि पाचवा म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत 'माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा' म्हणून उठून जाणारा. विरोध कशाला, हे त्याला विचारायचं नसतं. बरं, गोष्ट इथेच संपत नाही. ब्रिटनने कौल मानला नाही, तात्पुरत्या व्यवस्थेची मुदतही सरली, आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये बेटाने पुन्हा मतदान घेतलं, या वेळी थेट प्रजासत्ताक होण्यासाठी. होकार १,७३९. नकार ४. होकारातली ७४ मतं गळाली त्याचं काही नाही, माणसं समुद्रावर गेली असतील. पण पाचांतला एक फुटला! मेव्हण्याशी समेट झाला? मुलगी माहेरी आली? उधारी वसूल झाली? उरलेल्या चौघांनी त्या रात्री एकमेकांकडे कसल्या नजरेने पाहिलं असेल? इतका चिमुकला विरोधी पक्ष, आणि त्यातसुद्धा फूट.

या चौघांना सोडवायलाच जणू साम्राज्य धावून आलं. १९ मार्च १९६९ च्या पहाटे तीनशेहून अधिक छत्रीधारी सैनिक युद्धनौकांवरून बेटावर उतरले. किनाऱ्यावर अंधारात लखलखाट झाला. ते फोटोग्राफरांचे फ्लॅश होते. वार्ताहर आधीच येऊन थांबलेले. सैनिकांमागोमाग लंडनचे पोलीसही आले, जिथे हात दाखवून थांबवायला वाहतूकच नव्हती तिथे. कुणी दगावलं नाही. लोक चिडले, घोषणा झाल्या, मग हळूहळू निवळले, कारण सुरुवातीपासून त्यांचं म्हणणं एवढंच होतं की सेंट किट्स नको, त्यापेक्षा लंडन परवडलं. लष्कराच्या इंजिनीअरांनी रस्ते बांधले. १९ डिसेंबर १९८० रोजी अँग्विला रीतसर वेगळं झालं, आणि आजही ते ब्रिटनच्याच ताब्यात आहे. बंड करून वसाहत राहण्याचा हक्क मिळवलेलं बेट! स्वातंत्र्य म्हणजे झेंडा, टपालाचं तिकीट आणि राष्ट्रगीत असं समीकरण मांडणाऱ्यांची इथे पंचाईत होते. (१९६७ च्याच जानेवारीत गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला ३४ हजारांच्या फरकाने नकार दिला होता. 'एवढासा गोवा' म्हणणारे आपल्याकडचे गृहस्थ ज्यांना आठवतात, त्यांना अँग्विला वेगळं समजावून सांगायला नको.)

पाच झाले, चार झाले. तिघे सापडले फॉकलंडमध्ये. मार्च २०१३ मध्ये तिथे ब्रिटनसोबत राहण्यावर मतदान झालं. १,५१३ हो, ३ नाही. या तिघांच्याही मागे जग काही दिवस लागलं होतं म्हणतात, पण ते आपापल्या मेंढ्यांमध्ये सुखरूप असावेत.

गृहस्थांचं आवडतं बेट अर्थात टोकेलाऊ. तीन प्रवाळबेटं, जेमतेम दीड हजार माणसं, विमानतळ नाही, सामोआहून बोटीने दिवसभराहून जास्त समुद्र. ताबा न्यूझीलंडचा, आणि न्यूझीलंडच म्हणत होतं, स्वतःचा कारभार स्वतः पाहा. बेटांनी दोनतृतीयांश मतांची अट घालून दोनदा मतदान घेतलं. २००७ मध्ये ४४६ जण हो म्हणाले आणि १६ मतं कमी पडली. "बघा, त्यांनाच नको आहे," गृहस्थ म्हणतात. नको असेल तर नको. त्यांना विचारलं गेलं, त्यांनी उत्तर दिलं, मोजणी झाली, विषय संपला. हा सगळा विनोद करता येतो तो मोजणी झाली म्हणूनच.

टोकेलाऊएवढीच वस्ती हिंदी महासागरात चागोस बेटांवर होती. नारळाच्या बागांत राबणारी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. १९६५ मध्ये, मॉरिशस स्वतंत्र होण्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने ३० लाख पौंड देऊन ही बेटं मॉरिशसपासून तोडली, कारण त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात एकूण एक माणूस हलवला गेला. कुणी उपचारासाठी मॉरिशसला गेलेले, त्यांना परतीची बोटच मिळाली नाही. उरलेल्यांची कुत्री आधी गॅसने मारली, मग माणसांना जहाजात भरलं. आणून सोडलं सेशेल्सला आणि पोर्ट लुईसच्या धक्क्यावर. गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असलेला, आपल्या सहलींच्या जाहिरातींतला तो मॉरिशस. चागोसवर मतपेटी नव्हती. पाच नव्हते, चार नव्हते, तीन नव्हते. हो की नाही हा प्रश्नच कुणी छापला नाही! १९८२ मध्ये ४० लाख पौंडांची भरपाई ठरली, तेव्हा मात्र कागद छापले गेले, इंग्रजीत, कायद्याच्या भाषेत. परतण्याचा हक्क सोडला, अशा अर्थाचे. ज्यांना ते वाचता येत नव्हते त्यांचे अंगठे घेतले. मत मागायला कुणाला सवड नव्हती, अंगठा मागायला होती. आणि हे करणाऱ्यांच्याच देशात लहान बेटांना कारभार झेपेल का यावर परिसंवाद भरतात, त्यात चहासोबत बिस्किटं असतात.

'चालवणार कसं' हा प्रश्न दिएगो गार्सियाबद्दल कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. जमीन तीसएक चौरस किलोमीटर, अँग्विलाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पण त्यावर साडेतीन किलोमीटरहून लांब धावपट्टी मावते, लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं मावतात, आणि तेव्हा बेट अचानक पुरेसं मोठं होतं. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करार झाला. बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं जागेवरच, भाडं वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. मूळ रहिवाशांना पुन्हा वसवायचं तर इतर बेटांवर, दिएगो गार्सियावर नाही. करारावर सह्या दोन सरकारांच्या. या वेळी अंगठेही मागितले गेले नाहीत.