तिसऱ्यांचा पंचनामा

भिलाईला समुद्र नाही, हे आता लपवण्यात अर्थ नाही. 1959 साली सोव्हिएत मदतीने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. पुढे या गावाला सेक्टर मिळाले, मैत्रीबागेत वाघ मिळाले. किनारा देणं मात्र सोव्हिएत तज्ज्ञांनाही जमलं नाही. म्हणून इथल्या कोकणी घरांत समुद्र थर्मोकोलच्या पेटीतून येतो. मुंबईच्या मामांनी ओळखीच्या माणसाबरोबर गाडीतून पाठवलेली पेटी दुर्ग स्टेशनावर उतरवून घ्यायची. आत तिसऱ्या, नशीब असेल तर कालवं, आणि बर्फाचं झालेलं पाणी.

पेटी उघडली की घरातले जाणते पुढे सरसावतात. सुरमई असेल तर काम सोपं. डोळा बघायचा, कल्ला उचलून लाली बघायची. तिसरीला बघण्याजोगा डोळा नसतो आणि कल्ले असतात शिंपीच्या आत. मग काका एक शिंपी नाकाशी धरतात आणि निकाल देतात, “एकदम ताज्या आहेत.” इ. कोलाय जंतूला या तपासणीचा मोठा आधार वाटतो. वासावरून त्याला अजून कोणी पकडलेलं नाही.

वास्तविक तिसरी, शिणाणे, कालव ही सगळी नाकासमोर काम करणारी मंडळी. पाणी आत ओढायचं, कल्ल्यांतून गाळायचं, खाण्याजोगं ठेवून घ्यायचं, बाकी पाणी स्वच्छ करून परत द्यायचं. मोठं कालव दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. निविदा नाही, फीत नाही, भाषण नाही. मुंबईत जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सात मलजल प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं, खर्च 17,200 कोटींच्या घरात. खाडीतल्या शिंपल्यांनी हे खातं त्याआधीपासून बिनपगारी सांभाळलेलं आहे. फरक एवढाच, की प्रक्रिया केंद्रातला गाळ कोणी खोबऱ्याच्या वाटणात परतत नाही.

या गाळलेल्या मालात जे उपद्रवी जंतू सापडतात त्यांचे दोन पक्ष आहेत. पहिला भूमिपुत्रांचा. विब्रिओ हे घराणं कोमट, मचूळ पाण्यात पिढ्यानपिढ्या राहतं. त्याला सांडपाण्याची गरज नाही आणि अधिवासाचा दाखलाही लागत नाही. त्यातला विब्रिओ पॅराहीमोलिटिकस 1950 साली जपानच्या ओसाकात उघडकीस आला. तिथे अर्धवट वाळवलेल्या बारीक माशांतून 20 माणसं दगावली होती. 1996 मध्ये त्याचा एक नवा वाण कोलकात्यात दिसला आणि बघता बघता जगभर पोचला. व्हिसा कोणी मागितला नाही. भाऊबंद विब्रिओ वल्निफिकस त्याहून तापट: जखमेतून शिरतो आणि ज्याचं यकृत आधीच थकलेलं आहे त्याचा जीव घेऊ शकतो.

दुसरा पक्ष परप्रांतीयांचा, म्हणजे आपल्याच संडासातून निघून नाल्यामार्गे खाडीत स्थायिक झालेल्यांचा. (भिलाईत आम्हीही परप्रांतीयच, तेव्हा जास्त बोलत नाही.) इ. कोलाय, साल्मोनेला, आणि जंतू नसून विषाणू असला तरी युतीत सामील झालेला हिपॅटायटिस ‘अ’. 1988 साली शांघायमध्ये अर्धकच्च्या शिंपल्या खाऊन सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली ती याच्याच कृपेने.

यात भिलाईचा काय संबंध, असं म्हणणाऱ्यांनी नकाशा काढावा. दुर्गजवळून शिवनाथ जाते, ती महानदीला मिळते, महानदी हिराकुड-कटक करत पारादीपजवळ बंगालच्या उपसागरात उतरते. तेव्हा भिलाईला समुद्र नसला तरी समुद्राला भिलाई आहे. वाटेत हिराकुडच्या जलाशयात आमचे बरेचसे जंतू सेवानिवृत्त होत असतील, एवढी सवलत घेतो.

आता मोजणीचं. 1997 च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने अस्वच्छतेचं कारण देऊन भारतातली मासळी रोखली. मग काय धावपळ! कारखान्यांत टाइल्स आल्या, टोप्या आल्या, प्रयोगशाळा आल्या. युरोपात शिंपल्या काढण्याची जागा ‘अ’ वर्गाची ठरायला शंभर ग्रॅम मांसात साधारण 230 पर्यंतच इ. कोलाय चालतात, त्याहून जास्त निघाले तर माल आधी स्वच्छ पाण्यात ठेवून किंवा उकळून मगच बाजारात. परदेशी पोटासाठी आपण जंतू एक एक करून मोजायला शिकलो. देशी पोटासाठी काकांचं नाक आहे. मानकं आपल्याकडेही आहेत, फायलीत अगदी ताजी.

आणि ओहोटीला गुडघाभर चिखलात बसून तिसऱ्या काढणारी बाई? खाडीच्या वरच्या अंगाला कोणता नाला सोडायचा हे तिला विचारून ठरलेलं नाही. उद्या चार घरांत जुलाब लागले तर पंचनामा मात्र तिच्या टोपलीचा होईल. नाला सोडणाऱ्याच्या टेबलावर तोवर तिसऱ्यांची एकशिपी आलेली असेल.

पेटीच्या प्रवासाकडेही कोणी बघत नाही. बर्फाने जंतू मरतातच असं नाही, थंड बसून राहतात. गोंदियाला बर्फ संपला, की डोंगरगड येईतो विब्रिओला नातवंडं झालेली असतात.

नाले अडवणं तुमच्या-माझ्या हातात नाही, कढई आहे. वाफेवर न उघडलेली तिसरी सरळ फेकून द्या. उघडलेल्या आणखी पाच मिनिटं खळखळून उकळा. विळीवर उघडल्या असतील तरी पूर्ण शिजू द्या. लिंबू पिळून कच्चं कालव खाण्याची हौस असेल तर लक्षात ठेवा, लिंबाच्या भरवशावर विब्रिओ मरत नाही. हात कापलेला असेल तर पेटीतल्या पाण्यात तो घालू नका. आणि मामांना फोन करा: तिसऱ्या थोड्या कमी पाठवा, बर्फ दुप्पट घाला.