फुटफॉल चिरायू होवो

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आपले कार्यालयीन कागद किती वर्षे सांभाळावेत, हा प्रश्न दिसायला निरुपद्रवी आहे. सरकारी कचेऱ्यांपुरता तो केव्हाच सुटला. तिथे ‘अ’ वर्गाचे कागद लाल फडक्यात कायमचे, ‘ब’ वर्गाचे हिरव्या फडक्यात ३० वर्षे, ‘क’चे पिवळ्यात त्याहून कमी काळ आणि ‘ड’चे पांढऱ्यात जेमतेम एक वर्ष. फडक्याचा रंग पाहिला की कागदाचे आयुष्य कळावे, अशी ही सोय. (ती पाळली जाते का, हा वेगळ्या सदराचा विषय.) अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मात्र एकच फडके असते आणि ते धूळ पुसायचे. तिथे कागदाचे आयुष्य त्याच्या मोलावर ठरत नाही, तो उद्या कोण मागेल या धास्तीवर ठरते. ज्याच्यामागे धास्ती मोठी ते कपाटात, ज्याची कुणालाच धास्ती नाही ते जिन्याखाली. त्यामुळे वर्षभरात टाकून द्यावे असे कागद अमर झाले आणि कायम जपावे असे रद्दीवाल्याच्या तराजूत गेले.

अमरांमध्ये पहिला मान फुटफॉल रजिस्टरचा. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाचा रोजचा वापर किती, असा एक निकष होता आणि त्यासाठी आकडे लागत ते नुकत्याच सरलेल्या शैक्षणिक वर्षाचे. एका वर्षाचे! तरी दहा-दहा वर्षांची रजिस्टरे पुठ्ठाबांधणी करून, पाठीवर सोनेरी अक्षरे उमटवून काचेच्या कपाटात मांडलेली असतात. उघडून पाहावे तर रकाने पाच : नाव, वर्ग, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. एफ.वाय.बी.कॉम.चे चाळीस विद्यार्थी दहा वाजून पाच मिनिटांनी, एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात आत येतात. बाहेर मात्र कुणीच पडत नाही, कारण ‘गेल्याची वेळ’ भरायची पद्धत नाही. या पुराव्यावर भिस्त ठेवायची, तर पदवी मिळून, लग्ने होऊन, मुले बारावीला गेली तरी ते चाळीस जण अजून वाचनकक्षात अभ्यास करत बसलेले आहेत. अशा ग्रंथालयाला जागा कमी पडणारच.

याच्या उलट दशा अ‍ॅक्सेशन रजिस्टरची. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला इथे एक क्रमांक मिळतो. तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, कुठल्या विक्रेत्याच्या कितव्या बिलावर आले किंवा कुणी भेट दिले, हे सगळे एका ओळीत. शेवटी असतो शेरा. खरी गंमत त्याच रकान्यात : लाल शाईतले ‘हरवले, किंमत वसूल’, पेन्सिलीतले ‘सरांकडे’ आणि त्यापुढे कुणीतरी नंतर काढलेले प्रश्नचिन्ह. पुस्तक महाविद्यालयाच्या मालकीचे होते, हे सांगणारी मूळ जागा हीच. संगणकीकरण झाले तेव्हा या रजिस्टरांतून क्रमांक, लेखक आणि शीर्षक तेवढे सॉफ्टवेअरमध्ये उतरवले गेले, कारण कंत्राट नोंदीमागे इतके पैसे असे होते आणि शेरा टंकण्याचे वेगळे पैसे नव्हते. मग ‘आता सगळे कॉम्प्युटरवर आहे’ असे जाहीर होऊन मूळ रजिस्टरे जिन्याखाली गेली. देणगीदाराचे नाव गेले, बिलाचा क्रमांक गेला, ‘सरांकडे’ गेले. सरांची तर मोठीच सोय झाली.

हे नुकसान भावनिक नाही, चांगले हिशेबी आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयाच्या पडताळणीचा नियम आहे. वीस हजारांपर्यंत पुस्तके असतील तर दरवर्षी सगळी मोजा. वर्षभरात देवघेव झालेल्या वा चाळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी समजा, मात्र त्यामागे लबाडी किंवा हयगय नको. हजार रुपयांवरच्या पुस्तकाची चौकशी कराच आणि दुर्मीळ पुस्तकाची तर किंमत न पाहता करा. नियम शहाण्याने लिहिलेला आहे. पण मोजायचे कशाशी ताडून? १९४० साली दोन रुपयांना घेतलेले पुस्तक आज दुर्मीळ आहे, हे त्या साली ते आल्याची नोंद असेल तरच कळणार. नोंदच नसेल तर पुस्तक हरवत नाही. ते कधी नव्हतेच. गहाळ पुस्तकांचे प्रमाण शून्यावर आणण्याचा याहून स्वस्त उपाय अजून निघालेला नाही.

तेव्हा कागद धास्तीवर नव्हे, मोलावर ठेवावेत किंवा टाकावेत. यावर पहिला आक्षेप ऑडिटचा. बिले, व्हाउचर, कोटेशने, दंडाच्या पावत्यांच्या स्थळप्रती यांना हात लावायचा नाही, ऑडिटवाले केव्हाही येतील! येऊ द्यावेत. पण लेखापरीक्षण झाले, आक्षेप निकाली निघाले, त्यावर आणखी काही वर्षांचे अंतर ठेवले, की पन्नास पैशांच्या दंडपावतीला कुणीही वाली उरत नाही. आक्षेप लोंबकळत असेल तर तेवढीच फाइल बाजूला ठेवावी. तिच्यासोबत तीन कपाटांना जन्मठेप कशाला? दुसरा आक्षेप, ‘हे जुने कागद विचारतो कोण?’ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९१६ साली प्रवेश घेतलेल्या भीमराव आंबेडकरांची विद्यार्थी-फाइल त्या संस्थेने जपली, तेव्हा तिलाही कुणी विचारत नव्हते. एक अर्ज आणि काही पत्रव्यवहार, एवढाच तो ऐवज. आज तो चरित्राचे साधन आहे.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. कुणी कोणते पुस्तक नेले, याची नोंद किती दिवस ठेवायची? वाचकाचे वाचन ही त्याची खासगी बाब. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोखही असाच आहे : हेतू संपला की डिजिटल माहिती पुसा. पुस्तक परत आले, हेतू संपला. दुसरीकडे न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीचे खाते पाहा. ५ ऑक्टोबर १७८९ या तारखेला ‘प्रेसिडेंट’ या नावावर दोन पुस्तके गेल्याचे त्यात लिहिले आहे, आणि परतीचा रकाना कोरा. जॉर्ज वॉशिंग्टन नो ड्यूज न घेताच गेले! हे खाते १९३४ मध्ये तळघरातल्या अडगळीत सापडले आणि अखेर २०१० साली वॉशिंग्टन यांचे घर सांभाळणाऱ्या संस्थेने त्यातल्या एका पुस्तकाची त्याच आवृत्तीची प्रत आणून दिली. सगळे पुसून टाकले असते तर ही वसुली झाली नसती.

माझा कौल तरीही पुसण्याच्या बाजूने आहे. कोणते पुस्तक किती वेळा गेले हा आकडा कायम ठेवावा, नेणाऱ्याचे नाव परतीनंतर वर्षभरात काढावे. नाव राहिले की ते कुणाच्या तरी कामाला येते. अमक्या मुलाने अमक्या विचाराची पुस्तके का नेली, असे विचारायला येणारा माणूस इतिहाससंशोधकाच्या बराच आधी दारात उभा राहतो. शिवाय २००५च्या माहिती अधिकार कायद्यात २० वर्षांपूर्वीच्या घटनांना बहुतेक अपवादांचे कवच उरत नाही, त्यात खासगीपणाचेही. भविष्यातल्या संशोधकाची थोडी गैरसोय होईल. त्याने आकड्यांवर भागवावे. सर्वाधिक वेळा गेलेले पुस्तक प्रश्नसंच होते, हे कळायला नावे लागत नाहीत.

राहता राहिले काय, तर अ‍ॅक्सेशन रजिस्टर, बाद पुस्तकांच्या याद्या, देणगीची पत्रे आणि ग्रंथालय समितीची इतिवृत्ते. हे कायमचे, आणि हे सगळे मिळून एका कपाटात मावते. बाकीच्याला तारीख लावून निरोप. जागेची ओरड इथेच संपते, पण काम अडते ते निराळ्याच ठिकाणी. नष्ट केलेल्या कागदांची यादी करावी लागते आणि तिच्याखाली कुणीतरी सही करावी लागते. ग्रंथपाल म्हणतात प्राचार्यांनी करावी, प्राचार्य म्हणतात समितीने, आणि समितीची सभा गणसंख्येअभावी तहकूब असते. वाळवीला ठराव लागत नसल्याने तेवढ्या काळात तिचे काम नियमित चालू राहते, आणि ती ‘अ’ वर्ग आधी घेते, कारण जुना कागद मऊ असतो.