सुरतेत बाईंना काय द्यावे?

सुरतेहून एखाद्या शिक्षिकेला गेलेली सर्वांत गाजलेली भेट अमेरिकेत पोचली. जून २०२३मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा हिरा दिला. तो सुरतेच्या प्रयोगशाळेत वाढवलेला होता आणि अमेरिकी सरकारने त्याची किंमत २०,००० डॉलर लावली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी असतानाही बायडेनबाई कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या, म्हणून शालेय वर्ष संपताना बाईंना काय द्यावे, या विषयात हे उदाहरण बसते. पालकांनी त्यातून दोन गोष्टी टिपून घ्याव्यात. हिरा काश्मिरी कागदी लगद्याच्या डबीतून दिला होता. डबी कधीही उपयोगी पडते. आणि तिकडच्या नियमांपायी तो बाईंना घरी नेता आला नाही, सरकारी वापरासाठी ठेवून घेतला गेला.

सुरतेच्या लिंबायत, उधना, दिंडोलीतल्या खानदेशी पालकांवर हा प्रसंग येण्याचा संभव कमी. लूमवर, मार्केटात नाहीतर डाइंग मिलमध्ये राबणाऱ्या घरात एप्रिलअखेरचे बजेट दोनशे, ताणून अडीचशे. गावातल्या थोर उदाहरणांनी त्यांनी बिचकू नये. हिरेव्यापारी सावजी ढोलकिया यांनी २०१६च्या दिवाळीत कामगारांसाठी १,२६० मोटारी आणि ४०० फ्लॅट जाहीर केले होते, हे खरे. पण ते कामगार वर्षभर हिरे घासत होते. बाई पाढे घासून घेत होत्या, आणि पाढ्यांना निर्यातीचा भाव नाही.

पहिला मोह अर्थातच साडीचा. रिंगरोडवर साड्यांचे डोंगर असताना दुसरे सुचावे तरी कसे? इथेच सावध राहावे. नाशकात किंवा पुण्यात साडीची किंमत झाकता येते, सुरतेत नाही. बाईंचे यजमान, दीर किंवा शेजारी यांपैकी कोणीतरी मार्केटात असतोच. पदराला बोट लागले की कापड कुठले, जरी खरी की प्लास्टिकची, आणि माल कुठल्या गाळ्यातून उचलला, हे तिथल्या तिथे कळते. त्यातून बऱ्याच आया घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात, लेस लावतात, धागे कापतात, मजुरी नगावर. म्हणजे भेट म्हणून गेलेल्या साडीवरची टिकली आपणच चिकटवलेली निघण्याचा योग दुर्मीळ नाही. असा योग आल्यास तो बाईंना अवश्य सांगावा. रेडिमेड साडीला हाताने केलेल्या भेटीचा दर्जा मिळतो.

होलसेलवाला एक नग देत नाही, हा दुसरा पेच. तो सेट देतो: डिझाइन एक, रंग सहा किंवा आठ. मग सहा आया मिळून सेट घेतात, वाटून घेतात, आणि निरोपाच्या दिवशी एकाच बाईंच्या टेबलावर सहा रंगांत तेच मोर नाचतात. यावर उपाय म्हणजे सेट घेण्याआधी सहा वेगवेगळ्या बाई ठरवून घेणे. ‘पैठणी’ मात्र टाळावी. येवल्याची हातमागावरची पैठणी पुरी व्हायला कित्येक आठवडे लागतात. इथली तिची बहीण दुपारच्या चहापर्यंत गठ्ठ्याने निघते. बाई मूळच्या येवल्याकडच्या असल्या तर संबंध बिघडतील.

‘बाई, तुम्हाला काय आवडेल?’ असे विचारणे शास्त्राने निषिद्ध मानावे. कौत्साची गोष्ट दसऱ्याला सांगतात ती याचसाठी. वरतंतू ऋषी नको म्हणत असताना कौत्स गुरुदक्षिणेचा हट्ट धरून बसला. गुरू वैतागले आणि चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागून मोकळे झाले. रघुराजाला त्यापायी कुबेरावर स्वारीची तयारी करावी लागली. एवढ्या सोन्यासाठी स्वारीला सुरतही वाईट नव्हती, पण तो मार्ग १६६४ आणि १६७० असा दोनदा वापरून झाला आहे.

खाऊ द्यायचा तर हंगाम पाहावा. घारी चांदनी पडव्याची, पोंक थंडीचा. एप्रिलात दोन्हींचे निमित्त नाही. नानखटाई बारमाही चालते. पण उन्हाळ्यातला खरा माल पालकांच्या गच्चीवरच वाळत असतो: दादरचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड. याहून स्वस्त आणि मोलाची भेट सापडणार नाही, फक्त पोचवण्याचा प्रश्न आहे. मे महिन्याची सुट्टी लागली की बाईही आखाजीच्या सुमारास गावी निघतात आणि भेट भुसावळच्या गाडीत गर्दीच्या डब्यात चढते. अर्धे गुजरातेत अर्धे महाराष्ट्रात असलेल्या नवापूर स्टेशनापर्यंत कुरडई टिकते. नंदुरबारपुढे तिचा शेवया म्हणून विचार करावा. घड्याळ, काचेची फ्रेम, कुंडीतले रोप यांना या मार्गावर प्रवेश नाही.

देण्याची वेळ: निकाल हातात पडल्यानंतर. आधी दिलेल्या भेटीला वेगळे नाव पडते. पालिकेच्या आणि सरकारी शाळांतल्या शिक्षकांना भेटींबाबत सेवानियमांची बंधने असतात, तेव्हा वस्तू लहान आणि वर्गासमोर दिलेली असावी. दक्षिण कोरियाने तर २०१६मध्ये लागू झालेल्या कायद्याने शिक्षकदिनाचे फूलही नियमात बसवले: वर्गप्रतिनिधीने सगळ्यांदेखत दिले तर चालते, एकट्या विद्यार्थ्याने दिले तर नाही. आपल्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘प्रत्येकी पन्नास’ असा हुकूम सुटतो. ज्यांना जमत नाही त्यांची यादी ग्रुपवर टाकू नये, एवढी सुधारणा कोरियाशिवायही करता येईल.

ज्यांचे बजेट शून्य आहे त्यांनी मुलाकडून पत्र लिहून घ्यावे. सुरत पालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांत चालतात, म्हणून पत्र कोणत्या भाषेत हे आधी ठरवावे. मराठी ठरल्यास ऱ्हस्व-दीर्घ तपासावे. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग १८४०च्या दशकात याच गावात शाळेवर होते. १८४४मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. गावाची परंपरा अशी कडक असल्याने ‘प्रीय बाई’ लिहिलेले पत्र लाल शाईत दुरुस्त होऊन परत येऊ शकते, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी असले तरी हातातला पेन थांबत नाही.

शाळेच्या रिक्षावाल्या काकांसाठी वेगळी खरेदी लागत नाही. गाडी उभी असतानाही ते मे महिन्याचे भाडे धरतात.