तुमचे घड्याळ मागे आहे

नोव्हेंबर हा आम्हा पेन्शनरांचा परीक्षेचा महिना. प्रश्नपत्रिकेत प्रश्न एकच : आपण जिवंत आहात काय? उत्तर तोंडी चालत नाही. पूर्वी बँकेत साहेबापुढे सदेह उभे राहावे लागे. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' आणले आणि हयातीचा दाखला घरबसल्या देण्याची सोय झाली. अट एवढीच, की अर्जदारात धुगधुगी असावी आणि त्याच्या इंटरनेटमध्येही.

यंदा नोव्हेंबरात आम्ही उभयता लेकीकडे लखनौला होतो. निघताना पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळवले, तर पहिल्या मजल्यावरच्या काकांचा तात्काळ प्रश्न : "शुजाउद्दौल्याच्या मुलखात? जपून!" अवधच्या या नवाबाने 1761 मध्ये पानिपतावर अब्दालीची बाजू धरली, ते काकांनी अजून मनातून काढलेले नाही. लखनौचे चिकनचे कुडते मात्र त्यांनी दोन मागवले.

लेक राहते वृंदावन योजनेत. नाव ऐकून हिने बासरी, कदंब, यमुनातीर इथवर मजल मारली होती. प्रत्यक्षात ही आवास विकास परिषदेची वसाहत. रायबरेली रोडला, पीजीआय इस्पितळाच्या अंगाला. कदंबाऐवजी सेक्टर. पण सेक्टरांना कमी लेखू नये. फेब्रुवारी 2020 मध्ये इथे सेक्टर 15 मध्ये डिफेन्स एक्स्पो भरला, रणगाडे आले. फेब्रुवारी 2023 मध्ये याच योजनेत गुंतवणूकदारांची जागतिक परिषद झाली आणि तीन दिवसांत साडेतेहतीस लाख कोटी रुपयांचे प्रस्ताव आल्याचे जाहीर झाले. अशा भूमीवर आपला एक लॅपटॉप इंटरनेटला जोडणे म्हणजे किस झाड की पत्ती, असे समजून मी पिशवीतून लॅपटॉप काढला.

हा मी 2011 मध्ये निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला. तेव्हा मांडीवर मावत असे. आता मांडी तीच, पण लॅपटॉप जड लागतो. बॅटरी केव्हाच वारली, त्यामुळे प्लग काढला की तोही आडवा होतो.

लखनौवर लिहिताना 'पहले आप'चा विनोद केल्याशिवाय सदर छापत नाहीत, म्हणून तो इथेच उरकतो : राउटर म्हणाला पहले आप, लॅपटॉप म्हणाला पहले आप. झाले.

पहिल्या दिवशी मला शेजारच्या सहा घरांचे वाय-फाय दिसले, समोरच्या किराणावाल्याचे दिसले, फक्त जावयाचे दिसेना. ज्या घरचे खातो त्याच घरचे दिसू नये, याचा मला संकोच वाटला. जावईबापूंनी खुलासा केला. घरचा राउटर फक्त 5 गिगाहर्ट्झवर ठेवलेला आणि माझ्या लॅपटॉपला 2.4च्या पलीकडचे ऐकूच येत नाही. 2.4ची लहर वेगाने कमी, पण भिंती ओलांडून लांब जाते; 5ची झपाट्याची, पण भिंतीला बिचकते. म्हणजे जुनी पिढी अजून शेजाऱ्यांकडे जाऊन येते, नवी आपल्या खोलीतून बाहेर पडत नाही. "बाबा, तुमच्यासाठी 2.4 सुरू करून देतो," असे जावईबापू म्हणाले. वेगळा मऊ भात लावायला सांगावा तशा सुरात.

दुसऱ्या दिवशी कांड्या पूर्ण भरल्या आणि एकही पान उघडेना. ब्राउझरने एकच वाक्य दाखवले : तुमचे घड्याळ मागे आहे.

कोपऱ्यात पाहिले. 1 जानेवारी 2010. मी विकत घेण्याच्याही आधीचा काळ. लॅपटॉप सरळ माहेरी निघून गेला होता!

भानगड अशी, की प्रत्येक भरवशाच्या संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते. त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते आणि ब्राउझर ते आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. 2010 मध्ये बसलेल्याच्या लेखी या वर्षीचे प्रमाणपत्र म्हणजे न जन्मलेल्या साक्षीदाराची सही. त्यामुळे बँक खोटी, सरकार खोटे, जीवन प्रमाणही खोटे. मी तारीख हाताने दुरुस्त केली. हिने इस्त्रीसाठी प्लग काढला. लॅपटॉप परत 2010 मध्ये.

इथे मला लॅपटॉपची बाजू घ्यावीशी वाटते. बिचारा पंधरा-सोळा वर्षे मागे, तर सगळ्या जगाने त्याच्याशी बोलणे टाकले. आणि आमचे पहिल्या मजल्यावरचे काका? ते 1761च्या जानेवारीतून हललेले नाहीत. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, यावर ते रात्री साडेअकराला लिहितात आणि त्यांचा मेसेज दोन सेकंदांत चाळीस घरी पोचतो. टीव्हीवर रोज रात्री नऊला कोणी 1526 मध्ये उभा राहून ओरडतो, कोणी 1947 मध्ये, कोणी 1975 मध्ये. चित्र कसे, अगदी स्वच्छ! यांच्यापैकी एकालाही कोणी सांगत नाही, की तुमचे घड्याळ मागे आहे. उलट जितके मागे, तितकी रेंज चांगली.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप काखोटीला मारून तेलीबागेत गेलो. दुकानातल्या पोराने तो चालू केला, तारीख पाहिली आणि निदान सांगितले, "अंकल जी, इसका तो टाइम ही खराब चल रहा है." संध्याकाळी या म्हणाला.

त्याच्या फळीवर लॅपटॉपची चळत होती. त्यातला एक सुरू होताच पडद्यावर मुलायमसिंह आणि अखिलेश यादव प्रकटले. मार्च 2013 पासून समाजवादी सरकारने बारावी झालेल्या मुलांना लॅपटॉप वाटले, सुमारे 15 लाख. उघडताच पितापुत्रांचे दर्शन घडावे अशी त्यात व्यवस्था होती. 2017 मध्ये सरकार गेले. लखनौत सगळ्या पाट्या बदलल्या, या पडद्यापर्यंत मात्र निकाल पोचलेला नाही. तिथे अजून अखिलेशच मुख्यमंत्री आहेत. "हटता नहीं क्या?" मी विचारले. पोरगा म्हणाला, "हटाने को कोई लाता नहीं. चलाने को लाते हैं." उत्तर प्रदेशच्या राजकारणावर याहून नेमके मी अग्रलेखांत वाचलेले नाही.

घरी आलो तर जावईबापू मोबाईल घेऊन उभे. 2021 पासून चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला देता येतो म्हणे. "बाबा, इकडे बघा. आता पापणी मिटा." मिटली. "उघडा." उघडली. झाले! एका पापणीवर भारत सरकारने मला जिवंत मानले. तीन दिवस मी ज्यासाठी झटलो, ते काम मी नुसता डोळा मारून केले असते.

तरी संध्याकाळी लॅपटॉप आणायला गेलो. पोराने बटणाएवढा एक सेल माझ्या तळहातावर ठेवला. प्लग नसताना काळाचे भान ठेवणे एवढेच त्याचे काम. तो मेला की यंत्र सुरू होते, पण दिवस कोणता ते विसरते. नवा सेल बसवला होता. त्याने स्वतःच्या मोबाईलला वायर लावून इंटरनेट जोडले. तारीख आजची, पाने उघडली! परिषदेतल्या प्रस्तावांचे पुढे काय झाले ते सरकार जाणे, माझी जोडणी प्रत्यक्षात उतरली होती.

एवढ्यात पडद्यावर पत्र आले : विंडोज 7चा आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला आहे. म्हणजे ऐन भोगीच्या दिवशी. तिळगुळापर्यंतही थांबले नाहीत.

पैसे देताना पोराला विचारले, किती दिवस चालेल?

"चार-पाच साल तो निकाल ही देगा," तो म्हणाला. तेव्हा त्याची नजर लॅपटॉपवर नव्हती. दाखला खिशात असल्यामुळे मी वाद घातला नाही.