कार्ड कुठलं?

तात्यांना नमस्कार केला की ते परत नमस्कार करत नाहीत. "कार्ड कुठलं?" असं विचारतात. नव्या माणसाला वाटतं, रेशनकार्ड असेल, आधारकार्ड असेल, गेलाबाजार एटीएमचं असेल. तात्यांच्या लेखी जगात कार्ड एकच: लॅपटॉपच्या पोटात बसून वायफाय पकडणारं, आणि विंडोजऐवजी लिनक्स घातलं की नेमकं तेवढंच न पकडणारं.

असा एक तात्या आता बहुतेक गावांत सापडतो. वय साठीच्या पुढे, नोकरी टेलिफोनात नाहीतर विजेच्या खात्यात झालेली. खांबावर चढणं सुटलं तरी फॉल्ट शोधायची खाज सुटत नाही. आमचे तात्या गुहागरात खालच्या पाटावर राहतात. पुढे रस्ता, मागे आगर, आगरापलीकडे सुरूची झाडं आणि समुद्र. माळ्यावर पूर्वी सुपारीची पोती असत, आता लोकांचे जुने लॅपटॉप आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा हात काढून घेतला, विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढेना, आणि पुण्या-मुंबईच्या मुलांना एकाएकी गावच्या आईवडिलांची आठवण झाली. "बाबा, तुमच्यासाठी लॅपटॉप आणलाय!" तात्यांचा हंगाम तेव्हापासून जो सुरू झालाय तो संपलेला नाही.

तात्या लिनक्स घालून देतात आणि पैसे घेत नाहीत. यात खूश होण्यासारखं काही नाही. पैसे न घेणारा माणूस ऐकवून वसूल करतो. पेन ड्राइव्ह चालू आहे तोवर लिनसची गोष्ट होते. आडनाव टोरवाल्ड्स, पण तात्या त्याला 'लिनस' म्हणतात, अरेतुरेत, जणू असगोलीत राहतो. १९९१ साली हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर लिनक्सचं काम कसं सुरू केलं, इथपासून गाडी सुटते. २०१२ साली त्याने फिनलंडमधल्या भर कार्यक्रमात एका ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीला मधलं बोट दाखवलं, ही तात्यांची आवडती जागा. मात्र बोट कुठलं हे ते तोंडानेच सांगतात, कारण वहिनी आत असतात.

मग ब्रॉडकॉम. या कंपनीने आपल्या वायफाय चिपांची माहिती लिनक्सवाल्यांना वर्षानुवर्षं दिली नाही. शेवटी स्वयंसेवकांनी चिपेशी झटापट करून ती चालवणारा 'बी४३' हा ड्रायव्हर स्वतःच लिहिला, आणि जानेवारी २००८ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात गेला. तरी चिपेत भरायचं फर्मवेअर हवंच. ते कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढावं लागे, आणि त्या कापायच्या सोयीचं नावही 'कटर' असंच होतं. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने स्वतःहून एक खुला ड्रायव्हर दिला. त्या दिवशी तात्यांकडे गोडाचं झालं म्हणतात. कशासाठी, ते वहिनींना अजून माहीत नाही.

यातला खरा पेच असा, की ड्रायव्हर असतो इंटरनेटवर आणि इंटरनेटला लागतो ड्रायव्हर. सामान्य माणूस इथे कपाळाला हात लावतो. तात्या खिशातून मोबाइलची वायर काढतात, मोबाइल लॅपटॉपला जोडतात आणि त्याचं इंटरनेट आत घेतात. २०२२ मध्ये डेबियन या लिनक्सच्या अवताराच्या मंडळींनी मतदान घेऊन असलं बंदिस्त फर्मवेअर पेन ड्राइव्हमध्येच द्यायचं ठरवलं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आपसूक मिळू लागलं. तात्यांनी हा निर्णय मनाला लावून घेतला आहे. "आता काय, कोणीही घालील लिनक्स," ते म्हणतात.

काकूच्या लॅपटॉपला मात्र डेबियनही पुरलं नाही. ओटीवर राउटर, माजघरात काकू. राउटरशेजारी बसलं की वायफाय झकास, माजघराचा उंबरठा ओलांडला की गायब. आमच्याकडे वायफायचं काहीही झालं तरी दोष चिऱ्याच्या भिंतीला जातो, तसा तो गेला. तात्या आले. चहा नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. काळी खिडकी उघडून त्यांनी आधी कार्डाचं नाव काढलं: आरटीएल ८७२३ बीई. मग वायफाय कुठे बटणाने किंवा आज्ञेने बंद तर नाही ना, हे पाहिलं. नव्हतं. मग 'डीमेसेज' लावलं, आणि यंत्र सुरू झाल्यापासूनची हकिगत ओळीमागून ओळ पडद्यावर सरकू लागली. गडग्याच्या दाव्यात जुने फेरफार काढून बसलेला माणूस जसा वाचतो, तसे तात्या ते वाचत होते. तडजोडीची घाई दोघांनाही नसते.

"तात्या, लेकीला फोन लावायचाय हो," काकू म्हणाली. "नातू रांगायला लागलाय. एवढा दिसला की झालं."

"थांबा हो, बोलतंय ते."

नंतर तात्या लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून घरभर फिरले. राउटरपाशी सिग्नल वजा ४५. ही संख्या शून्याच्या जितकी जवळ तितकं बरं. झोपाळ्यापाशी वजा ७०, उंबरठ्यावर वजा ८५, पुढे काहीच नाही. मग त्याच उंबरठ्यावर उभं राहून मोबाइल पाहिला: वजा ५२. "चिरा निर्दोष आहे," तात्यांनी जाहीर केलं. काकूने भिंतीकडे पाहिलं. एवढी वर्षं बिचारीला बोल लावला होता.

तात्यांनी तळाचे स्क्रू काढले. कार्डावर अँटेनाच्या वायरी जोडायला दोन बारीक सोनेरी टोकं होती, आणि वायर होती एकालाच. लॅपटॉप बनवणाऱ्याने एका वायरीत भागवलं होतं. ड्रायव्हर मात्र भरवसा ठेवून होता दुसऱ्या टोकावर, जिथे काहीच जोडलेलं नव्हतं. राउटरला चिकटून बसल्यावर जे काही चालत होतं, ते कृपेने.

"मग ती वायर या टोकाची काढून त्या टोकाला लावली की झालं ना?" मी म्हटलं.

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून आलोय.

"होईल. पण मग ड्रायव्हरला कळलं काय?"

ड्रायव्हरला कळावं म्हणून एक फाइल लिहायची असते, एका ओळीची: अमुक कार्ड, अँटेना निवड एक. तात्यांनी ती लिहिली, ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवला. फरक नाही. एकच्या जागी दोन लिहिले. तेवढ्यात लाइट गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारलेली, त्यामुळे तोही गेला, आणि राउटरही. तात्या अंधारात झोपाळ्यावर बसून राहिले. आता चहा घेतला. मला वाटतं त्या दिवसातला त्यांचा सर्वांत सुखाचा वेळ तोच: कारण सापडलेलं आणि अजून काहीच सुरळीत नाही.

तोवर काकूने मोबाइलवरून लेकीला फोन लावून नातू पाहूनही घेतला होता.

लाइट आली. फाइल शाबूत होती. माजघरात वजा ५५. मागल्या पडवीत वजा ६३. आगरातल्या पहिल्या माडाखालीही पट्ट्या दिसत होत्या. काकू म्हणाली, "तात्या, देवासारखे आलात." तात्यांचा चेहरा पडला. स्क्रू बसवताना हात सावकाश चालत होता. चुकून एखादा उरेल अशी आशा होती की काय कोण जाणे, पण एकही उरला नाही.

मी सहज विचारलं, "तात्या, तुमच्याकडे वायफाय कुठल्या कंपनीचं?"

"आमच्याकडे वायर आहे," तात्या म्हणाले. "वायफायचं काही खरं नाही."

अजूनही ते संध्याकाळी व्याडेश्वराकडे जाताना आमच्या फाटकाशी थांबतात. "चालतंय?" चालतंय, असं सांगितलं की, "माजघरातपण?" माजघरातपण. मग जरा घुटमळतात. परवा जाता जाता मागे वळून म्हणाले, "गाभ्याचा नवा अपडेट आलाय. काकूंना घ्यायला सांग. बहुतेक काही बिघडायचं नाही. पण मी घरीच आहे."